काकाला सांग, थांब जरा

चि. भाचेबाई,
अनेक आशीर्वाद.

ताईचा फोन आला होता. तुझा न्यू जर्सीचा काका दिवाळीत येताना तुझ्यासाठी टीआय-८४ हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर आणतोय म्हणे. त्याने पैसे मोजायच्या आत हे पत्र वाच.

यंत्र झकास आहे, वाद नाही. समीकरण टाकलं की आलेख पडद्यावर. पण तुझ्या इंजिनिअरिंगच्या परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक ते पहिल्या पाच मिनिटांत उचलून नेतील. त्यात प्रोग्रॅम लिहिता येतात, सूत्रं साठवता येतात, आणि आपल्याकडे चालतो तो नॉन-प्रोग्रॅमेबल. (पुणे विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकांवर वर्षानुवर्षं छापून येणारी सूचना वाच: लॉग टेबल, स्टीम टेबल आणि चक्क स्लाइड रूल, म्हणजे आकडेमोडीची सरकती पट्टीसुद्धा चालते! ती आता कुणाकडे आहे, देव जाणे.) पुढेमागे एम.टेक.साठी गेट परीक्षा दिलीस तर तिथे स्वतःचा कॅल्क्युलेटर नेताच येत नाही, पडद्यावरचाच माउसने चालवायचा.

काका म्हणेल, अमेरिकेत सगळे हाच वापरतात. शाळेत वापरतात, खरं आहे. कॉलेज प्रवेशाच्या सॅट परीक्षेलाही चालतो. पण तिथल्या इंजिनिअरच्या लायसन्सची पहिली परीक्षा, एफई, तिला ग्राफिंग कॅल्क्युलेटर चालत नाही. तिथे मोजकेच साधे सायंटिफिक चालतात आणि त्या यादीत कॅसिओचा एफएक्स-९९१ आहे. म्हणजे आपल्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे हजार-दीड हजारात मिळतो तोच!

तर तोच घे, पण बिलासकट. नकली माल भरपूर आहे. ९९१ मध्ये ईएस प्लस मॉडेल की नवं सीडब्ल्यू? नव्यात बटणांची मांडणी बदलली आहे. माझं मत: तुझ्या सीनिअर्सकडे जो असेल तो. रात्री अकराला अडलीस तर शेजारच्या खोलीतली मुलगी सांगू शकली पाहिजे.

तू इलेक्ट्रिकलला. तुला खरी गरज कॉम्प्लेक्स मोडची. ईएस प्लसवर मोड, मग २. आता ३+४i टाक (आपण j लिहितो, त्याला i च कळतो), मग शिफ्ट, २, ३ आणि बरोबर. उत्तर ५∠५३.१३, म्हणजे लांबी ५, कोन ५३.१३ अंश. इम्पिडन्सचं (एसी सर्किटमधल्या एकूण अडथळ्याचं) अख्खं गणित या चार-पाच बटणांवर चालतं. हे हातात इतकं बसव की खाली बघावं लागू नये.

आता माझी फजिती. दुसऱ्या वर्षाला पेपरच्या आदल्या दिवशी मित्राने माझा कॅल्क्युलेटर नेला आणि ग्रॅडमध्ये (काटकोनाचे ९० ऐवजी १०० भाग) ठेवून परत दिला. पॉवर फॅक्टर, म्हणजे कोनाचा कोसाइन, ०.८; त्यावरून कोन काढला, आला ४०.९७. हवा होता ३६.८७ अंश. रेडियनमध्ये असता तर ०.६४ आला असता आणि मी दचकलो असतो. पण ४०.९७ दिसायला अगदी सभ्य! सगळा प्रश्न त्यावर रचला आणि गेला. तेव्हापासून यंत्र हातात घेतलं की आधी साइन ३० दाबतो. ०.५ दिसल्याशिवाय पुढे जात नाही. तूही तसंच कर, विशेषतः कुणाला उसना दिला असशील तर.

राहिला आलेख. बघायचाच असेल तर फोनवर डेसमॉस किंवा जिओजेब्रा आहे, फुकट. पण रेझोनन्सचा वक्र एकदा तरी ग्राफपेपरवर काढ. त्याचे बिंदू काढायला कॅल्क्युलेटरवर मोड ७ दाबलंस की टेबल येतं: सूत्र, सुरुवात, शेवट, पायरी. पायरी मोठी ठेवलीस तर शिखर दोन बिंदूंच्या मधे हरवतं आणि तुला वाटतं, वक्र सपाटच आहे. मग शिखराच्या आसपास पायरी बारीक करावी लागते. यंत्रालाही हे सुचत नाही. जुने ग्राफिंग कॅल्क्युलेटर तर टॅन x काढताना ९० अंशापाशी बिंदूला बिंदू जोडून बिनदिक्कत उभी रेघ ओढतात. तिथे रेघ नाहीच, हे तुला माहीत असायला हवं.

काकाचं मन मोडू नकोस. त्याच पैशांत बरा मल्टीमीटर येतो, तो आणायला सांग. लॅबमध्ये चौघांत एक असतो आणि त्याचीही एक वायर तुटलेली. सेल मात्र आणायला सांगू नकोस, ते इथे मिळतात.

तुझा
मामा