घराशेजारी नवीन शाळा आणि तिच्या बसचं पार्किंग येतंय. मंजुरी मिळेल का? हरकत कशाची घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वस्तीला लागून असलेली मोकळी जमीन एका शिक्षण संस्थेने घेतली आहे, जमीन निवासी विभागात आहे, दाखल केलेल्या नकाशात शाळेच्या इमारतीसोबत 20 बसचं पार्किंग दाखवलंय आणि तेही नेमकं तुमच्या कुंपणाला चिकटून. सुनावणीची नोटीस आली आहे. अशी मंजुरी मिळू शकते का आणि हरकत घ्यायची तर कशावर?

मंजुरी बहुधा मिळेल. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना उगाच आशा लावून बसायला नको. निवासी विभागात शाळा हा वापर बहुतेक ठिकाणी एकतर सरळ मान्य असतो किंवा अटींसह मान्य असतो. 'शाळाच नको' म्हणून सुनावणीला गेलात तर अधिकारी शांतपणे ऐकून घेतील, नोंद करतील आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारतील. तुमच्या हातात जे काही आहे ते बसच्या बाबतीत आहे. त्यातही बस दिवसा कुठे उभ्या राहतात यापेक्षा रात्री कुठे मुक्काम करतात, यात.

मी वाहतूक नियोजनाचं काम करतो. अशा प्रस्तावांचे अहवाल संस्थांसाठी लिहिलेत आणि शेजाऱ्यांच्या वतीने दुसऱ्यांचे अहवाल तपासलेतही. दोन्ही बाजूंनी बसल्यावर एक गोष्ट लक्षात येते: शेजारी भांडतात इमारतीवर आणि नंतर वर्षानुवर्षं त्रास होतो तो पार्किंगचा.

शाळेला नियमांत एवढी मोकळीक का, त्याचं कारण जुनं आहे. जमिनीच्या वापराचे विभाग पाडण्याची पद्धत रुजली ती मुख्यतः कारखाने आणि घरं एकमेकांपासून लांब ठेवायला. जर्मनीतल्या फ्रँकफुर्टने 1891 मध्ये असे नियम केले, न्यूयॉर्कने 1916 मध्ये केले आणि 1926 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने युक्लिड नावाच्या एका गावाच्या खटल्यात ते वैध ठरवले. (त्या गावाचं नाव मोजणीदारांनी भूमितीवाल्या युक्लिडवरूनच ठेवलं होतं. नियोजनाच्या लिखाणात 'युक्लिडीय विभागणी' असं दिसलं तर त्यात भूमिती शोधत बसू नका, तो त्या खटल्याचा उल्लेख आहे.) पुढे 1929 मध्ये क्लॅरन्स पेरी या अमेरिकी नियोजनकारांनी आदर्श वस्तीची जी कल्पना मांडली, तिच्यात शाळा मधोमध होती, मोठे रस्ते वस्तीच्या कडेने जात होते आणि मुलं मोठा रस्ता न ओलांडता चालत शाळेत पोचत होती. म्हणजे शाळा घरांजवळ असावी हे गृहीतच होतं, पण ते चालत येणाऱ्या मुलांच्या हिशोबाने. त्या चित्रात 12 मीटर लांबीची बस कुठेच नव्हती, 20 तर सोडाच. म्हणूनच नियम शाळेबद्दल उदार असतात आणि बसबद्दल पुष्कळदा मुके. ती मोकळी जागा मंजुरीच्या अटींनी भरायची असते. तुमची हरकत तिथेच उपयोगी पडते.

आता पहिला मुद्दा, जो सुनावणीत सर्वांत वजनदार ठरतो. बसचं पार्किंग हा शाळेचा 'पूरक वापर' मानला जातो. शाळा आहे म्हणून पार्किंग आहे, एवढ्याच आधारावर ते निवासी विभागात बसतं. पण त्याच जागेत संस्थेच्या दुसऱ्या शाखांच्या बस मुक्कामाला येऊ लागल्या, ऑइल बदलणं आणि टायर काढणं सुरू झालं, डिझेलची टाकी आली, सुट्टीच्या दिवशी त्याच बस भाड्याने जाऊ लागल्या, की ते पार्किंग राहत नाही, आगार होतं. आणि आगार हा वेगळा वापर आहे. निवासी विभागात तो सहसा बसत नाही. म्हणून अर्जातली विद्यार्थिसंख्या काढा आणि बसच्या आसनांशी ताडून बघा. पहिल्या टप्प्यात 300 मुलं आणि 50 आसनांच्या 20 बस, म्हणजे 1,000 आसनं, असा हिशोब निघाला तर एकच प्रश्न विचारा: उरलेली 700 आसनं कोणाची? मी एका सुनावणीत हा प्रश्न विचारलेला पाहिलाय. उत्तर द्यायला संस्थेच्या सल्लागाराला पुढची तारीख मागावी लागली.

दुसरा मुद्दा मुक्कामाचा. हा शेजाऱ्यांना सुचतच नाही, कारण नकाशावर रात्र दिसत नाही. बस रात्री शाळेतच राहिली तर तिच्या फेऱ्या मोजा: पहाटे रिकामी बाहेर, सकाळी भरून आत, दुपारी भरून बाहेर, संध्याकाळी रिकामी आत. चार. तीच बस रात्री दुसरीकडे राहिली आणि दिवसभर शाळेत थांबली तर सकाळी आत आणि दुपारी बाहेर, फक्त दोन. (सकाळी मुलं सोडून परत आगारात जायला लावलं तर पुन्हा चार होतात, तेव्हा दिवसाचं पार्किंग बंद करा असं चुकूनही मागू नका.) यापेक्षा वेळ महत्त्वाची. शाळा 8 ला भरत असेल तर लांबच्या फेरीची बस साडेसहाच्या सुमारास निघते, चालक त्याच्याही आधी येतो. आल्या आल्या तो इंजिन सुरू करतो आणि तसंच चालू ठेवतो. तो आळशी आहे म्हणून नव्हे. मोठ्या बसचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, रात्रीतून टाक्यांमधली हवा उतरलेली असते, ती भरेपर्यंत गाडी हलवता येत नाही. तुमच्या खिडकीखाली पहाटे 20 इंजिनं काही मिनिटं धडधडणं हा व्यवस्थेचाच भाग असतो. धुराचंही तेच. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून 2012 मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलं, आणि हवा थंड आणि स्थिर असताना तो धूर जागचा लवकर हलत नाही.

आवाजाचा हिशोब मात्र तुम्हाला स्वतःला करता येतो आणि तो करून गेलात तर अधिकारी मान वर करून बघतात. डेसिबलची मोजणी सरळ बेरजेची नसते. एकाऐवजी सारख्या आवाजाची 20 इंजिनं चालू झाली की पातळी साधारण 13 डेसिबलने वाढते. दुसरीकडे, मोकळ्या जागेत एका ठिकाणच्या आवाजापासून अंतर दुप्पट केलं की पातळी सुमारे 6 डेसिबलने उतरते. म्हणजे पार्किंग कुंपणापासून 10 मीटरवरून 40 मीटरवर नेलं, तर दोनदा दुप्पट, 12 डेसिबल कमी. वीस बसचा त्रास जवळजवळ एका बसवर आला. अंतराइतकं स्वस्त औषध दुसरं नाही. भिंतीचा उपयोग होतो, पण भिंत भरीव हवी आणि इंजिन व तुमची खिडकी यांच्यामधली सरळ नजर तिने तोडायला हवी. तशी तोडली तर 5 डेसिबलच्या आसपास फरक पडायला लागतो. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला त्या भिंतीचा काही फायदा नाही, हे तो सुनावणीत बोलून दाखवेलच. झाडांची एक रांग लावून देतो असं संस्था हमखास म्हणते. झाडं जरूर घ्या, सावली पडते, बस दिसत नाहीत. आवाज त्यांनी फारसा अडत नाही.

मग नकाशात 40 मीटर कुठून आणायचे? पुष्कळदा उत्तर नकाशातच असतं: मैदान. मी तपासलेल्या एका प्रस्तावात पार्किंग कुंपणाला होतं आणि मैदान रस्त्याच्या बाजूला, कारण रस्त्यावरून मैदान छान दिसतं. आम्ही दोघांची अदलाबदल सुचवली. संस्थेचा एकही चौरस मीटर कमी झाला नाही आणि मैदानावरून बस आरपार जायचं बंद झालं, ते मुलांच्याही भल्याचं. त्या शेजाऱ्यांची आता तक्रार आहे ती अंगणात येणाऱ्या चेंडूंची. तेव्हा तुम्ही अदलाबदल मागणार असाल तर उंच जाळीची अटही सोबतच मागा.

तिसरा मुद्दा वळणाचा. नकाशावर आयत काढून त्यात 'बस' लिहिणं सोपं असतं. 12 मीटरची बस पूर्ण वळायला किती जागा खाते, त्याचा युरोपातल्या वाहन नियमांचा अंदाज लक्षात ठेवण्यासारखा आहे: बाहेरचा कोपरा 12.5 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात राहायला हवा. म्हणजे अर्धा फेरा घ्यायला जवळपास 25 मीटर रुंद मोकळी जागा लागते. नकाशावर ती दिसत नसेल तर बस मागे घेऊन वळवली जाणार, हे धरून चाला. मागे घेणं म्हणजे पीं-पीं आवाज, आणि त्याहून वाईट म्हणजे मुलं आवारात असताना चालकाला मागचं न दिसणं. म्हणून तिरपं, आरपार पार्किंग मागा: बस पुढूनच आत शिरते, पुढूनच बाहेर पडते. एका बसच्या उभं राहण्यालाच साधारण 3.5 गुणिले 12 म्हणजे 42 चौरस मीटर लागतात, 20 बसना 840. फिरायची वाट धरून जागा याच्या दुप्पट तरी हवी. नकाशातलं पार्किंग 900 चौरस मीटरचं असेल तर त्या 20 बस तिथे मावत नाहीत. मग त्या तुमच्या रस्त्यावर उभ्या राहणार.

इथे एक सावधगिरी. 'बस कमी करा' ही मागणी करू नका. ऐकायला विचित्र वाटेल, पण बस हा शेजाऱ्यांचा मित्र आहे. एका बसमधली 40 मुलं गाड्यांतून आली आणि गाडीत सरासरी दीड मूल धरलं, तर 27 गाड्या होतात. त्या येतात आणि जातात, म्हणजे 54 फेऱ्या. आणि शाळेपुढची खरी कोंडी सकाळी नसते, सुटताना असते. सकाळी मूल उतरवून गाडी अर्ध्या मिनिटात पुढे जाते. दुपारी पालक पंधरा-वीस मिनिटं आधी येऊन थांबतात, घंटा होईपर्यंत कोणी हलत नाही. रांगेतली एक गाडी अंतर धरून 7 मीटर खाते. साठ गाड्या थांबल्या की 420 मीटरची रांग, आणि फाटकाच्या आत तेवढी वाट नसेल तर ती तुमच्या घरासमोर. म्हणून बस वाढवा, गाड्यांची रांग आवाराच्या आत घ्या, असं मागा. हे मागणारा शेजारी अडेल वाटत नाही, त्यामुळे त्याचं बाकीचंही ऐकलं जातं.

बोलू नये असंही थोडं आहे. घरांच्या किमती पडतील, बाहेरची माणसं येतील, संस्थेचे मालक कसे आहेत, आधीच इतक्या शाळा आहेत, यावर वेळ घालवू नका. नियोजनाचा निर्णय जमिनीच्या वापरावर होतो, माणसांवर नाही. एकदा ही वाक्यं कागदावर आली की तुमचा आवाजाचा चोख हिशोबही त्याच ढिगात जातो. चाळीस सह्यांचं एकसारखं निवेदन देण्यापेक्षा तीन जणांनी तीन वेगळे मुद्दे आकड्यांसह मांडणं केव्हाही बरं.

शेवटी मागायचं काय, तर अटी. त्या मोजता येतील अशा हव्यात. 'शेजाऱ्यांना त्रास होणार नाही याची काळजी घ्यावी' ही अट नाही, सदिच्छा आहे. अट अशी असते: संध्याकाळी अमुक ते सकाळी अमुक या वेळेत आवारात एकही बस उभी राहणार नाही. फक्त याच शाळेच्या बस. दुरुस्ती, इंधन, धुणं नाही. बसची कमाल संख्या अमुक, विद्यार्थिसंख्या अमुकच्या वर गेली तर नवा वाहतूक अहवाल. उभ्या बसचं इंजिन अमुक मिनिटांपेक्षा जास्त चालू नाही. दिव्यांचा झोत खाली. रात्रीचा मुक्काम पूर्ण बंद होत नसेल, आणि पुष्कळदा होत नाही, तर मुक्कामी बस चार-पाचवर आणा आणि त्या कुंपणापासून सर्वांत लांबच्या रांगेत ठेवायला सांगा. भिंत, जाळी, आतली रांगेची वाट ही कामं इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळण्याआधी पूर्ण झाली पाहिजेत, हे वाक्य अटींत येईल असं बघा. शाळा एकदा भरली की मुलांना बाहेर काढून भिंत बांधून घ्यायला कोणी येत नाही.

इलेक्ट्रिक बस आणू असं संस्था म्हणाली तर स्वागत करा आणि तेही अटीत घालून घ्या. पहाटेची धडधड आणि धूर दोन्ही जातात. मग फक्त चार्जिंगचं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) कुठे बसतं तेवढं बघायचं.

सुनावणीआधी अर्जाची फाइल बघायला मागा: जागेचा नकाशा, वाहतूक अहवाल, विद्यार्थिसंख्येचा तक्ता. वाहतूक अहवालात सगळ्यात आधी रस्त्यावरच्या वाहनांच्या मोजणीची तारीख बघा. ती शाळांच्या सुट्टीतली निघाली तर बाकीची पानं उलटायची गरज नाही, तेवढ्यावरच नवी मोजणी मागता येते. नकाशावर फाटक कुठल्या रस्त्याला आहे, त्या रस्त्याची रुंदी किती आणि कुंपणापासून पार्किंगचं अंतर किती लिहिलंय, एवढं खाली कळवलंत तर हरकतीचा मसुदा बघून देईन.