आधी वीसच्या वेगाने चालवून बघ

प्रिय भाचीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. यंदाच बाजारात आलेल्या त्या स्पोर्ट-टूररचे, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान मोटरसायकलचे, सतरा फोटो आणि खाली एक ओळ: ‘मामा, घेऊ का?’ फोटो मी मोजले, कारण सतरांत एकही सीटचा नाही. हेडलाइट आहे, सायलेन्सर आहे, फेअरिंग, म्हणजे वारा कापणारं पुढचं कवच, पाच बाजूंनी आहे, डिस्प्लेचे तर चार आहेत. दिवसाचे आठ तास जिथे बूड टेकायचं, ती जागा काही तुझ्या नजरेत भरली नाही.

उत्तर आधीच देऊन टाकतो, नाहीतर तू पत्र शेवटून वाचायला घेशील. यंदा घेऊ नकोस. पुढचं वाचूनही पटलं नाही तर खुशाल घे, मी रुसणार नाही. फक्त किल्ली हातात आली की पहिला फोन मला कर.

तू सगळ्यात आधी ताकद सांगितलीस, म्हणून तिथूनच धरतो. दीडशेच्या वर बीएचपी, म्हणजे अश्वशक्ती. सपाट रस्त्यावर, वारा पडलेला असताना, ताशी १०० किलोमीटरचा वेग नुसता टिकवायला इंजिनला त्यातले जेमतेम दहा-पंधरा लागतात. बाकीचे घोडे तबेल्यात उभे राहून चरतात. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनात वाढते. वेग दुप्पट केलास की ती आठपट लागते. म्हणजे ते उरलेले घोडे पोसायचे मुख्यतः अशा वेगासाठी, जो तू वर्षातून किती मिनिटं धरणार आहेस ते तुझं तुलाच ठाऊक.

तरी त्यांना सरसकट नावं ठेवणार नाही. वरच्या गिअरमध्ये गाडी आहे, दोन्ही बाजूंना सामान लादलंय, पुढे लांबलचक ट्रक आहे, आणि मनगट जरासं वळवलं की तो ट्रक आरशात. गिअर पाडायला नको, इंजिनची ओरड नको. हे सुख खरं आहे आणि मी ते चाखलंय. पण ते येतं इंजिन मिनिटाला तीन ते सहा हजार फेरे (आरपीएम) घेत असतानाच्या टॉर्कमधून, म्हणजे चाक फिरवणाऱ्या ओढीतून. जाहिरातीतला आकडा येतो दहा-अकरा हजारांवर. तेव्हा बीएचपी विचारू नकोस, मधल्या पट्ट्यात गाडी किती ओढते ते विचार.

थांबण्याचा हिशेबही एकदा कागदावर मांडून बघ. शंभरच्या वेगात तू सेकंदाला २८ मीटर जातेस. डोळ्यांनी पाहून हात ब्रेकवर जाईस्तोवर एक सेकंद धर. पुढे कोरडा रस्ता, चांगले टायर, सरावलेला हात, तरी थांबायला आणखी पन्नासेक मीटर लागतात. एकूण ७५-८०. दोनशेला हेच अंतर अडीचशे मीटरच्या घरात जातं. गाडीचा कल ओळखणारा सहा अक्षांचा सेन्सर आणि ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारं, वळणावरही चालणारं एबीएस तुला आडवं होण्यापासून वाचवायला बघतात, ते उत्तम काम करतात, पण रस्ता लांबवून देत नाहीत.

बीएमडब्ल्यूने १९७६ साली आर १०० आरएस काढली. विंड टनेलमध्ये घासूनपुसून घेतलेली पूर्ण फेअरिंग, आत हजार सीसीचं बॉक्सर इंजिन, म्हणजे दोन्ही बाजूंना आडवे सिलिंडर असलेलं. आज आपण ज्याला स्पोर्ट-टूरर म्हणतो त्या घराण्याची ती मूळ पुरुष म्हणायला हरकत नाही. तिची ताकद होती ७० अश्वशक्ती. तेवढ्यावर लोकांनी खंड ओलांडले. तिचं नाव काढलं म्हणजे जुनं ते सोनं म्हणतोय असं समजू नकोस. तिच्या ब्रेकच्या भरवशावर मी तुला बसू देणार नाही.

उलटं उदाहरण सुझुकीच्या हायाबुसाचं. १९९९ साली आली आणि ताशी तीनशे किलोमीटरच्या वर गेली. जगात गाजलं ते तेवढंच. कमी गाजलं ते हे, की सुरुवातीच्या गाड्यांची मागची अॅल्युमिनियमची सबफ्रेम, म्हणजे सीट आणि सामान पेलणारा सांगाडा, दोघं जण आणि भरपूर सामान लादल्यावर तडकू लागला, आणि २००१ पासून सुझुकीने तो पोलादाचा केला. इंजिनला काही झालं नव्हतं. मोडलं ते ओझं पेलणारं हाड. म्हणून नव्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पहिलं पान उघडायचं ते वजनाचं. कमाल एकूण वजनातून गाडीचं भरल्या टाकीचं वजन वजा कर. बहुतेकदा दोनशे किलोच्या आगेमागे आकडा येतो. त्यात तू, मागे बसणारी मैत्रीण, दोघींची जॅकेटं, बूट, हेल्मेट. मग पॅनिअर, म्हणजे दोन्ही बाजूंना लावायचे सामानाचे डबे, तेही रिकामे असतानाच काही किलोंचे. उरतं काय ते बघ. पॅनिअर लावल्यावर किती वेगाच्या वर जाऊ नये, हेही बऱ्याच गाड्यांवर लिहिलेलं असतं. दीडशे घोड्यांची गाडी आणि डब्याच्या झाकणाच्या आत चिकटवलेलं ‘१३०’. मला तर ते वाचून दर वेळी हसू येतं.

आता खरी गोष्ट. माझी पहिली लिटरची, म्हणजे हजार सीसीची, गाडी मी वेगात पाडली नाही. उभी असताना पाडली. डोंगरावर देखावा बघायला थांबलो होतो, निघताना हँडल पूर्ण वळवून गाडी फिरवत होतो. बारीक खडी, एका बाजूला किंचित उतार. वेग चालत्या माणसाइतका. मी पुढचा ब्रेक टेकवला, नुसता टेकवला, आणि उतारावरचा पाय जमीन शोधत खाली गेला तो जातच राहिला. २४० किलो वजन एका मर्यादेपलीकडे कललं की ते थोपवायची ताकद कुठल्याच मांडीत नसते. तुझी मामी मागे होती. ती पडली नाही. पाटावरून उठावं तशी उठून बाजूला उभी राहिली आणि गाडी तिच्या खालून निघून गेली. मग तिने शांतपणे विचारलं, ‘झालं वळवून?’ क्लचचा लिव्हर तुटला, पॅनिअरचा कोपरा चेपला, आणि आरशातच इंडिकेटर असल्यामुळे अख्खा आरसा गेला. फेअरिंगवाल्या गाडीला उभ्या उभ्या पडणं महाग पडतं. उचलताना पाठ सीटला टेकवून, गुडघ्यातून, मागे पावलं टाकत उचलायची असते हे मला माहीत होतं. तरी नंतर दहा मिनिटं पाय लटपटत होते, आणि ते वजनामुळे नव्हतं.

म्हणून टेस्ट राइडला गेलीस की लांब मोकळ्या रस्त्यावर पळू नकोस. तिथे सगळ्याच गाड्या गोड वागतात. इंजिन बंद करून बसल्या बसल्या पायांनी ती मागे ढकल. मोकळी जागा बघून वीसच्या वेगाने आठचा आकडा काढ, क्लच अर्धवट, पाय मागच्या ब्रेकवर. थ्रॉटल उघडता-मिटताना गाडी हिसके देते का बघ, आधी स्पोर्ट मोडमध्ये, मग पावसासाठीच्या रेन मोडमध्ये. तापल्यावर इंजिन सुरू ठेवून पाच मिनिटं उभी राहा. पंखा लागेल आणि गरम हवा कुठल्या मांडीवर येते ते कळेल. जॅकेट, बूट घालून जा. आणि मैत्रिणीला घेऊन जा, ती पहिल्या पंधरा मिनिटांत जे सांगेल ते विक्रेता वर्षभरात सांगणार नाही.

यंदा नको म्हणतो त्याचं एक कारण गाडीतच आहे. पहिल्या वर्षी सॉफ्टवेअर सुधारत असतात, एखादा रिकॉल निघतो, पडल्यावर लागणारे भाग वेळेत मिळत नाहीत, आणि वीस हजार किलोमीटर चालवलेला माणूस विचारायला सापडत नाही. सर्व्हिसचं वेळापत्रक आधी मागून घे. व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे इंजिनातल्या झडपांची फट, किती किलोमीटरला तपासायचा, त्यासाठी फेअरिंग आणि टाकी उतरवावी लागते का, ते विचार. त्यात खर्च मजुरीचाच जास्त असतो. मागचा १९० मिलिमीटर रुंदीचा टायर किती टिकेल हे गाडीपेक्षा तुझ्या मनगटावर आहे. चेन असेल तर दर पाच-सातशे किलोमीटरला ती साफ करून वंगण घालणं आलं, आणि तुझ्या आत्ताच्या गाडीची चेन मी गेल्या महिन्यात पाहिली आहे. त्यावर अधिक लिहीत नाही.

दुसरं कारण तुझ्यात आहे. तुझी चारशे सीसीची गाडी अजून तू पुरती वापरलेली नाहीस. या वर्षी तिच्यावर तीन लांबच्या फेऱ्या कर, पूर्ण सामान लादून, त्यातली एक पावसात. रोज रात्री वहीत दोन ओळी लिही: काय दुखलं, काय कमी पडलं. माझ्या दोन वर्षांच्या वहीत मान आहे, सीट आहे, हेल्मेटवर आदळणारा वारा आहे, ओले हातमोजे तर पानोपानी आहेत. ‘ताकद कमी पडली’ दोनदा आहे. दोन्ही वेळा मामी मागे होती आणि चढ होता. तुझ्या वहीत ते दहा वेळा आलं तर मी स्वतः तुझ्याबरोबर गाडी बघायला येईन, आणि तोवर तिचं दुसरं वर्ष लागलेलं असेल.

शनिवारी ये. माझी गाडी आत उभी आहे, तोंड भिंतीकडे करून. बाहेर काढायची म्हणजे मागे ढकलावी लागते आणि दाराशी थोडा चढ आहे. तू काढ, मी बाजूला उभा राहतो. मामी म्हणते, तीही येणार बघायला.

तुझा,
मामा