सोलापुरात वरचा मजला भाड्याने देताना आधी पाण्याचा हिशेब करा

जुळे सोलापुरातलं दुमजली घर आहे, खाली आईवडील राहतात आणि वरचा मजला पहिल्यांदाच भाड्याने द्यायचाय, तर आधी काय काय करून घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. भाडं किती घ्यावं ते गल्लीत दोन घरी विचारलं की कळेल. चांगला भाडेकरू घर सोडतो तो बहुतेकदा पाण्यापायी, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

नळाला पाणी चार-पाच दिवसांआड सुटतं असं धरून चाला. माणशी रोज १०० लिटर म्हटलं, तर खालचे दोघे आणि वरचे चौघे मिळून पाच दिवसांना ३,००० लिटर झाले. आतून ५ फूट लांब, ५ फूट रुंद आणि ५ फूट खोल हौदात साधारण ३,५०० लिटर मावतं. त्याहून लहान हौद असेल तर आधी साठवण वाढवा, मग पाटी लावा. गच्चीवर दोन्ही घरांना वेगळ्या टाक्या ठेवा. टाकी एकच असली की पाणी कोणी संपवलं यावरून तिसऱ्या महिन्यात कुरबुर सुरू होते. हौदावरची मोटर मात्र तुमच्याच मीटरवर ठेवा आणि तिचं बिल भाड्यात धरून टाका. नळाच्या लाइनला थेट मोटर लावायची नाही, हेही सांगून ठेवा. ती पकडली तर जप्त होते.

बोअरचं पाणी टाकीत जात असेल, तर बॉल कॉकवर, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या नळावर लक्ष ठेवा. क्षारांचा पांढरा थर दांड्याच्या खिळीवर बसतो, गोळा अर्ध्यात अडकतो आणि टाकी रात्रभर वाहत राहते. ते पाणी गच्चीवरून स्लॅबमध्ये मुरतं, आणि लोक म्हणतात, ‘स्लॅब गळतोय!’ सहा महिन्यांनी खिळ काढून घासायची, वायसर बदलायचा. काम दहा मिनिटांचं आहे. ओव्हरफ्लोचा पाइप अंगणात, सगळ्यांना दिसेल असा सोडा. गिझरची कॉइलही वर्षातून एकदा काढून साफ करून घ्या, थर साचला की ती जळते.

मोटर फिरते पण पाणी चढत नाही, अशी तक्रार आली की आधी फूट व्हॉल्व्ह, म्हणजे हौदातल्या पाइपाच्या तळाची झडप बघा. त्यात वाळूचा कण अडकला की पाइपातलं पाणी परत हौदात उतरतं. मेकॅनिक मोटर रिवाइंड करायला सांगेल, पण घाई करू नका.

गच्चीची परीक्षा मे महिन्यात उरका. पावसाच्या पाण्याचा पाइप गोणपाटाने बंद करून दोन इंच पाणी ४८ तास उभं करा आणि खालून छत बघा. आपल्याकडच्या उन्हात स्लॅब दिवसा फुगतो, रात्री आखडतो, त्यामुळे भेग बहुतेकदा कठडा आणि स्लॅबच्या सांध्यातच पडते. तिथला जुना गिलावा काढून सिमेंटची गोलाई करून घ्यावी लागते, नुसता रंग मारून भागत नाही. उतार १० फुटांना सव्वा इंच तरी हवा. गळती थांबली की पांढरा कूल कोट, म्हणजे ऊन परतवणारा रंग मारा. तो वॉटरप्रूफिंगच्या जागी चालत नाही, पण वरच्या मजल्याचा मे महिना त्याने सुसह्य होतो.

काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून घर तिच्यावर असेल, तर भिंतीलगत तीन फूट फरशी करा आणि सांडपाण्याचा पाइप गळत नाही ना ते बघा. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली, तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. महिन्याभरात खुणेपुढे सरकली तर पुट्टी भरण्यात अर्थ नाही, इंजिनियरला दाखवा.

वरच्या मजल्याला वीज मीटर वेगळा घ्या. एकाच मीटरवर दोन घरं असली की युनिट एकत्र मोजले जाऊन महाग दराच्या टप्प्यात जातात. भाडेकरूने घरगुती मीटरवर युनिफॉर्म शिलाईचा कारखाना थाटला, तर वीज कायदा २००३, कलम १२६ खाली दुप्पट दराची आकारणी मीटर ज्याच्या नावावर त्याच्याकडे येते. म्हणून ‘फक्त राहण्यासाठी’ हे शब्द करारात हवेतच.

करार ११ महिन्यांचा असला तरी तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे. नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी नसेल, तर वादाच्या वेळी अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होत नाही तोवर, ग्राह्य धरलं जातं. खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीचं एकूण भाडं अधिक अनामत रकमेवरचं १० टक्के वार्षिक व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के असतं. महिना ८,००० भाडं आणि ३०,००० अनामत धरली तर ११ महिन्यांची बेरीज ९०,७५० होते, म्हणजे शुल्क तीनशेच्या आतच. नोंदणी फी १,००० वेगळी. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून दुप्पट भाडं मागता येतं.

पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देऊन पोच घ्या. किल्ली द्यायच्या दिवशी मीटरचं रीडिंग, पंखे, नळ, सिंक यांचे फोटो काढून त्याच वेळी भाडेकरूला व्हॉट्सॲपवर पाठवा आणि ‘बरोबर आहे’ एवढं त्याच्याकडून लिहून घ्या. अनामत परत करताना हाच मेसेज उघडायचा.