सोलापुरातल्या जुन्या दगडी शाळेत पाहुण्या चित्रकारांसाठी स्टुडिओ करता येईल का?

पूर्व भागातली आपल्या विश्वस्त संस्थेची बंद पडलेली दगडी शाळा पाहुण्या चित्रकारांना राहून काम करण्यासाठी द्यायची आहे, तर वर्गांचे लहान भाग पाडून फॉल्स सीलिंग करावे का, असे आपण विचारले आहे. अशाच एका शाळेत मी २६ वर्षे चित्रकला शिकवली आहे. स्टुडिओ अवश्य करा, पण वर्ग तोडू नका आणि छत झाकू नका, एवढी कळकळीची विनंती आहे.

वीज घरोघर पोचण्यापूर्वी बांधलेल्या शाळेत उजेडाची सोय बांधकामातच केलेली असते. खिडकीचा माथा जितका उंच तितका उजेड आत खोलवर जातो. ढोबळमानाने त्या उंचीच्या दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंत दिवा न लावता काम करता येते. माथा ११ फुटांवर असेल तर हे अंतर २२ ते २७ फूट भरते. छत ८ फुटांवर उतरवले की ते १६ ते २० फुटांवर येते आणि खोलीचा मागचा भाग चित्रकाराच्या दृष्टीने निकामी होतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणाऱ्या माझ्या मुलांना मडक्यावरची छाया शेवटच्या बाकावरूनही स्पष्ट दिसत असे, ती या उंच खिडक्यांमुळेच.

रंगकामासाठी उत्तरेकडचा वर्ग निवडा, कारण तिकडचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. मात्र सोलापूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेला असतो आणि त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन उत्तरेच्या खिडक्यांतूनही आत येते. तेवढ्यासाठी पांढरे सुती पडदे पुरतात. झोपण्याची खोली वेगळीच हवी, टर्पेंटाइनच्या वासात कोणाला झोपवू नये.

भिंती दगड-चुन्याच्या असतील तर सिमेंटचा गिलावा करू नका. आतली ओल अडकते आणि पोपडे सुटू लागतात. शहाबादी फरशी आणि भिंतीतला फळा तसाच राहू द्या. पाण्याची टाकी मोठी बांधा, कारण आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. इमारत दुसऱ्या संस्थेला ३ वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची झाली, तर सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आधी घ्यावी लागते.

वर्ग न तोडता काय साधते, याचे उदाहरण न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात आहे. तिथली १८९० च्या दशकातली एक शाळा १९६३ मध्ये बंद पडली, काही काळ गोदाम म्हणून वापरली गेली आणि १९७६ मध्ये ‘पी. एस. वन’ या नावाने कलाकेंद्र म्हणून उघडली. कलावंतांनी पोपडे उडालेल्या भिंती, जिने, तळघर आणि माळा, जे जसे होते त्यातच काम केले, आणि देशोदेशींच्या कलावंतांना तिथल्या खोल्या स्टुडिओ म्हणून अनेक वर्षे मिळत राहिल्या.

आजूबाजूला कलादालने नाहीत, अशी खंत आपण व्यक्त केली आहे, ती मला पटत नाही. पूर्व भाग ही आपली कलावस्तीच आहे. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांच्या पिढ्या इथे मागावर बसल्या. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. जकार्ड मागासाठी, म्हणजे नक्षीदार कापड विणणाऱ्या मागासाठी, नक्षी आधी आलेखाच्या कागदावर चौकट-चौकट रंगवतात आणि त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडतात. रेषेचे धाग्यात रूपांतर कसे होते, हे पाहुण्या चित्रकाराला चार गल्ल्या चालून पाहता आले, तर त्याला आणखी कोणते दालन हवे? शक्य असेल तर तळमजल्याच्या एका वर्गात खड्डा माग बसवा. त्यात विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो, म्हणून वरच्या मजल्यावर तो बसणार नाही. एखाद्या जाणत्या विणकराला मानधन देऊन आठवड्यातून दोन दिवस तिथे बोलवा. पाहुण्यांना ऑक्टोबर ते फेब्रुवारीत या म्हणावे. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्राही त्यांना पाहता येईल, आणि एप्रिल-मेच्या उन्हात नवख्या माणसाचे काम होत नाही.

आर्किटेक्टला बोलावण्याआधी मात्र एक दिवस रिकाम्या वर्गात सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत स्वतः थांबा आणि दर तासाला ऊन कुठपर्यंत आले, ते फरशीवर खडूने आखून ठेवा. नकाशा त्या खुणांवरून काढायला सांगा.