आफ्रिकेतल्या महागड्या सफारी लॉजमध्ये राहण्यासाठी एवढे पैसे घालावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोव्हेंबरात लग्नाला 25 वर्षं पूर्ण होतायत, त्यानिमित्त दक्षिण आफ्रिकेत क्रूगर नॅशनल पार्कच्या बाजूला एखाद्या लक्झरी लॉजमध्ये राहायचंय. दोघंही शाकाहारी आहात. तीन वेगवेगळी लॉज निवडलीत, प्रत्येकात एक रात्र. आणि दर बघून आता मन मागेपुढे होतंय.

माझं स्पष्ट मत: पैसे घालावेत, पण खोलीसाठी घालू नका. आणि तीन लॉज अजिबात करू नका.

मी काही वर्षं नोकरीसाठी जोहान्सबर्गला होते. त्यामुळे स्वतःची गाडी घेऊन क्रूगरच्या सरकारी कॅम्पमध्ये राहणंही झालं आणि त्याला लागून असलेल्या साबी सँडमधल्या खाजगी लॉजमध्येही. (आम्हाला तिथल्या रहिवाशांचा सवलतीचा दर मिळायचा, तो तुम्हाला मिळणार नाही. परदेशी पाहुण्यांसाठी माणशी एका रात्रीचे पाचशे-सहाशे डॉलरपासून दोन हजारांच्या वरपर्यंत दर आहेत, हे तुम्ही पाहिलंच असेल.) दोन्हीकडे राहिल्यामुळे फरक नेमका कुठे आहे ते सांगू शकते.

क्रूगर नॅशनल पार्क साधारण साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरचं आहे. आपलं ताडोबा कोअर आणि बफर धरून 1,727 चौरस किलोमीटर, त्यावरून अंदाज येईल. क्रूगरच्या पश्चिम हद्दीला लागून साबी सँड हे खाजगी जमिनींचं मिळून झालेलं सुमारे 65 हजार हेक्टरचं राखीव क्षेत्र आहे. मालामाला, लोंडोलोझी, साबी साबी, सिंगिता ही नावं तुम्ही वाचली असतील, ती सगळी इथलीच. क्रूगर आणि साबी सँड यांच्यामधलं कुंपण 1993 साली काढलं. म्हणजे प्राणी तेच आहेत. सकाळी क्रूगरमध्ये दिसलेला हत्तींचा कळप दुपारी एखाद्या लॉजच्या पाणवठ्यावर असू शकतो. जास्त पैसे भरले म्हणून वेगळा सिंह दिसत नाही.

मग पैसे कशाचे? क्रूगरमध्ये तुम्हाला रस्ता सोडता येत नाही, गाडीतून उतरता येत नाही आणि सूर्यास्ताला कॅम्पच्या फाटकात परतावंच लागतं. सिंह दिसला की डांबरी रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. साबी सँडमध्ये एका सायटिंगला, म्हणजे प्राणी दिसलेल्या जागी, दोन-तीनच गाड्या थांबतात, बाकीचे रेडिओवर नंबर लावून लांब उभे राहतात. बिबट्या किंवा सिंहासाठी रेंजर (गाडी चालवणारा लॉजचा गाइड) गाडी झुडपात घालू शकतो, अंधार पडल्यावरही तुम्ही बाहेर असता. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ट्रॅकर, प्राण्यांचा माग काढणारा माणूस.

हे ट्रॅकर प्रकरण आपल्याकडच्या जंगलात नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. उघड्या लँड क्रूझरच्या किंवा लँड रोव्हरच्या बॉनेटवर डाव्या कोपऱ्यात एक सुटी सीट बसवलेली असते. पुढे काच नाही, बाजूला दार नाही. ट्रॅकर तिथे बसतो. तो बहुतेक वेळा तिथल्या शांगान समाजातला असतो, आसपासच्याच गावात वाढलेला. एकदा पहाटेच्या ड्राइव्हला आमच्या ट्रॅकरनं नुसता हात वर केला आणि गाडी थांबली. मातीच्या रस्त्यावर आडवा, वीतभर रुंद, गुळगुळीत पट्टा उमटला होता. पट्ट्याच्या दोन्ही अंगांना पंजांचे ठसे. त्यानं उतरून बोट न लावता दाखवलं: हे साळिंदर, रात्री इथून गेलंय, आणि हा पट्टा त्याच्या ठशांवरून गेलाय, म्हणजे नंतरचा. कडा अजून ढासळलेल्या नाहीत, म्हणजे फार वेळ झालेला नाही. बिबट्यानं इंपाला (तिथलं हरीण) मानेला धरून पायांमधून ओढत नेलंय.

मग तो हातात रेडिओ घेऊन पायी गवतात शिरला. रेंजरनं आम्हाला तिथेच थांबवलं. आम्हाला तर गवतात काहीच वेगळं दिसत नव्हतं. थोड्या वेळानं उजवीकडून खारींचा एकसारखा चिरचिराट सुरू झाला आणि जवळजवळ त्याच क्षणी रेडिओवर त्याचा आवाज आला. गाडी झुडपं वाकवत आत गेली. मारुलाच्या झाडावर, जमिनीपासून दोन माणसं उंच, बिबट्याची मादी बसली होती आणि इंपाला फांदीच्या बेचक्यात अडकवलेलं होतं. ती लगेच खात नव्हती. दातांनी केस उपटत होती आणि तोंड झटकून खाली टाकत होती. झाडाखाली एक तरस बसून होतं, त्याच्या पाठीवर ते केस पडत होते. रेंजरनं इंजिन बंद केलं. आम्ही तिथे किती वेळ होतो कोण जाणे, पण कुणीही ‘चला आता’ म्हणालं नाही, कारण मागे दुसरी गाडी खोळंबलेली नव्हती.

ही जी एक सकाळ आहे ना, तिचे पैसे असतात. रूमच्या बाहेरच्या प्लंज पूलचे (डुंबण्यापुरत्या छोट्या तलावाचे) नव्हेत. पूल सगळीकडे असतो आणि जानेवारी सोडला तर तुम्ही त्यात फार वेळ उतरणारही नाही.

म्हणून लॉज निवडताना फोटो बाजूला ठेवा आणि ईमेल करून चार गोष्टी विचारा. तुमच्या गाड्यांना किती जमिनीवर फिरायची परवानगी आहे, आणि शेजारच्या लॉजशी एकमेकांच्या जमिनीवर फिरण्याचा करार आहे का? गाडीत किती पाहुणे बसवता? (सहा ठीक, चार उत्तम. दहा सांगितले तर सोडून द्या.) प्रत्येक गाडीवर रेंजरबरोबर स्वतंत्र ट्रॅकर असतो का? आणि पूर्ण मुक्कामात तोच रेंजर, तोच ट्रॅकर मिळतो का? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. पहिल्या संध्याकाळी रेंजर तुम्हाला जोखतो. तुम्हाला पक्ष्यांमध्ये रस आहे का, फोटो काढायचेत का, शिकार बघवत नाही का, हे त्याला कळायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवसापासून तुमच्या आवडीनं ड्राइव्ह होतो. एकेक रात्र करून तीन लॉज फिरलात तर तुम्ही प्रत्येक वेळी पहिल्याच संध्याकाळी असाल, आणि सामान बांधण्यात, छोट्या विमानांची वाट बघण्यात दुपारी जातील. एकाच ठिकाणी तीन रात्री राहा. बजेट ताणलं जात असेल तर दोन रात्री लॉजमध्ये आणि त्याआधी दोन-तीन रात्री क्रूगरच्या सातारा किंवा लोअर साबी कॅम्पमध्ये. (हो, साताराच, नाव असंच आहे.) तिथल्या झोपड्या साध्या, स्वच्छ आणि लॉजच्या तुलनेत फारच स्वस्त असतात.

दिवस कसा जातो तेही सांगते, कारण ‘लक्झरी’ म्हटल्यावर लोळत पडायचं असं अनेकांना वाटतं. पहाटे पाचच्या सुमारास दार वाजतं. कॉफी आणि रस्क, की लगेच गाडीत. तीन-साडेतीन तास फिरून आल्यावर भरपेट नाश्ता. मग कुणी झोपतं, कुणी रेंजरबरोबर पायी फिरतं. दुपारी चहा, चारच्या आसपास पुन्हा ड्राइव्ह, सूर्य मावळताना एखाद्या मोकळ्या जागी गाडी थांबवून पेयं. दारू घेत नसाल तर रूइबोस चहा मागा, छान लागतो. मग स्पॉटलाइट लावून अंधारातून परत. बहुतेक लॉजना कुंपण नसतं, त्यामुळे अंधार पडल्यावर खोलीपर्यंत सोडायला माणूस येतो. हा नियम कधीही मोडू नका. पायवाटेवर रानरेडा उभा असल्यामुळे आम्ही जेवणाच्या जागीच बराच वेळ अडकून पडलो होतो. आल्या आल्या ‘काही झालं तर लॉज जबाबदार नाही’ अशा फॉर्मवर सही घेतात ती याचसाठी.

शाकाहाराची काळजी करू नका. 1860 पासून डरबनच्या बाजूला मोठ्या संख्येनं भारतीय आले, त्यामुळे तिथल्या आचाऱ्यांना आपली डाळ, भाजी, मसाले अगदीच परके नाहीत. फक्त बुकिंग करतानाच स्पष्ट लिहा: मासे नाही, अंडं चालतं की नाही, कांदा-लसूण चालतो की नाही. जंगलात सामान ठरावीक दिवशी येतं, ऐन वेळी सांगितलंत तर बिचाऱ्यांना पास्ता आणि भाजलेल्या भाज्यांपलीकडे काही सुचत नाही. आणि एकदा तरी तिथलं साधं जेवण मागा. पाप म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि चाकालाका म्हणजे टोमॅटो, गाजर, घेवड्याच्या दाण्यांचं तिखट कालवण. माझ्या आईनं उकड म्हणूनच ते आवडीनं खाल्लं. कर्मचाऱ्यांच्या स्वयंपाकघरात ते रोज होतं, मेन्यूवर असेलच असं नाही.

आता पैशांबद्दल दोन गोष्टी. दरात सहसा राहणं, सगळं खाणं, दोन्ही ड्राइव्ह आणि बरीचशी पेयं येतात. विमान, प्रवेशाचं आणि संवर्धनाचं शुल्क आणि टिप वेगळी. टिप किती द्यावी हे लॉजच सुचवतं. ती रँडमध्ये (तिथल्या चलनात) रोख न्या, आणि रेंजरची व ट्रॅकरची वेगवेगळी पाकिटं करून प्रत्येकाच्या हातात द्या. ट्रॅकर फार बोलत नाही, त्यामुळे पाहुणे सगळं श्रेय रेंजरला देऊन मोकळे होतात, हे मला दरवेळी खटकायचं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. या लॉजच्या हद्दीबाहेर जस्टिशिया, लिलीडेल, हंटिंग्टन अशी गावं आहेत आणि तिथे कामधंदा फारसा नाही. यातल्या अनेक कुटुंबांचे पूर्वज याच जमिनीवरून हुसकावले गेले. 2013 साली सरकारनं मालामालाची जमीन एक अब्ज रँडहून जास्त किंमत देऊन विकत घेतली आणि न्वांडलामारी समाजाच्या हाती दिली. लॉज पुढेही चालू राहिलं, जमिनीचे मालक बदलले. म्हणून तुमचे पैसे कुणाकडे जाणार, हे विचारायला संकोचू नका. कर्मचारी कुठले आहेत, गावच्या मुलांना रेंजर व्हायचं प्रशिक्षण देता का, हे विचारलं की चांगली लॉज भरभरून सांगतात. जे नुसतं माहितीपत्रक पाठवतात त्यांना मी माझ्या यादीतून काढलं होतं.

गेंड्यांबद्दल एक विनंती. चोरट्या शिकारीमुळे तिथल्या बऱ्याच राखीव क्षेत्रांत गेंड्यांची शिंगं मुद्दाम कापलेली असतात. तसा गेंडा दिसला तर हळहळू नका, तो त्यामुळेच जिवंत आहे. आणि गेंड्याचा फोटो जागेच्या खुणेसकट कुठेही टाकू नका, रेंजर हे सांगायला विसरला तरीही.

प्रवासाचं म्हणाल तर जोहान्सबर्गहून गाडीनं पाच-सहा तास, किंवा स्कुकुझापर्यंत तासाभराचं विमान. छोट्या विमानानं जाणार असाल तर चाकांची कडक बॅग चालत नाही. मऊ पिशवी, साधारण 20 किलोपर्यंत. मुंबईहून जाताना अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे तिकीट स्वस्त मिळतं, पण मग यलो फीव्हरची लस घेऊनच ठेवा, निघण्याच्या किमान 10 दिवस आधी. प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं आणि परतताना मुंबईत विचारू शकतात. दुर्बीण दोघांना दोन हव्यात. एक दुर्बीण दोघांत असली की बिबट्या नेमका दुसऱ्याच्या पाळीला उठून जातो.

राहिला नोव्हेंबर. जंगल बघायला सगळ्यात सोपा काळ मे ते सप्टेंबर. गवत वाळलेलं, पानं झडलेली, प्राणी पाण्याजवळ. पहाटे मात्र उघड्या गाडीत हाडं गोठतात, कानटोपी आणि हातमोजे लागतातच. नोव्हेंबरात पाऊस सुरू होतो, उन्हाचा पारा पस्तिशीच्या वर जातो, झुडपं भरून येतात आणि मलेरियाचा हंगामही चालू असतो, तेव्हा गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी महिनाभर आधी बोला. पण त्याच महिन्याच्या मध्यापासून इंपालांची पिल्लं जन्मायला लागतात, काही आठवड्यांत कळपच्या कळप पिल्लांनी भरतात, आणि बिबटे, रानकुत्रे, तरस सगळे त्यांच्या मागावर असतात. स्थलांतरित पक्षीही आलेले असतात. तारीख हलवता येत असेल तर सप्टेंबर घ्या. लग्नाचा वाढदिवस त्याच दिवशी तिथेच करायचा असेल तर नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा बघा, आणि ट्रॅकर असलेल्या लॉजचा आग्रह तेव्हा दुप्पट धरा, कारण हिरव्या झाडीत माग काढणारा माणूसच कामाला येतो. कुठली तीन लॉज निवडलीत ते कमेंटमध्ये लिहा, त्यांच्याकडे जमीन किती आहे आणि गाडीत किती जण बसवतात हे मला माहीत असेल तेवढं सांगते.