रेंज गेली, मागोमाग पैसे गेले

या वेळी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज धरून जे काही आलं त्यातलं निम्मं मोबाईल नंबरच्या भानगडीचंच आहे, म्हणून राउटर-प्रिंटरवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत कळ काढा. नावं छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न : दादा, आमचा बेदाण्याचा व्यापार आहे. शनिवारी संध्याकाळी माझ्या फोनची रेंज गेली. म्हटलं टॉवर गेला असेल, सोमवारी बघू. सोमवारी दुकानदार म्हणला तुमच्या नंबरवर दुसरं सिम चालू झालंय. मी सिम मागितलंच नव्हतं! बँकेत बघितलं तर रविवारी रात्री दोन वेळा मिळून ९० हजार गेलेले. मी कुणालाच ओटीपी सांगितला नाही, मग पैसे गेले कसे?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : मामा, तुम्ही ओटीपी सांगितला नाही हे खरंच आहे, कारण तो तुमच्याकडं आलाच नाही. याला सिम स्वॅप म्हणतात. आपल्याला वाटतं नंबर सिममध्ये असतो, पण तसं नाहीये. सिममध्ये असतो त्या कार्डाचा स्वतःचा वेगळा क्रमांक आणि कार्ड अस्सल आहे हे कंपनीला पटवणारी एक गुप्त किल्ली, आणि कुठला मोबाईल नंबर कुठल्या कार्डाला जोडायचा हे कंपनीच्या डेटाबेसमध्ये लिहिलेलं असतं. तिथली एक ओळ बदलली की तुमचं कार्ड मेलं आणि चोराच्या हातातलं जिवंत झालं. आपण नंबरला सातबाऱ्यासारखं धरून बसतो, तो असतो भाड्याच्या खोलीसारखा, कुलूप बदलायचं मालकाच्या हातात.

आता तो बदल करतं कोण, तर कंपनीच्या वतीने काउंटरवर बसलेला माणूस. त्याच्यासमोर कुणी तुमच्या आधारची झेरॉक्स आणि 'सिम हरवलं' म्हणून अर्ज घेऊन गेला आणि त्याने नीट बघितलं नाही, किंवा बघून न बघितल्यासारखं केलं, की झालं काम. परवा एका दुकानात मी स्वतः बघितलं, एक आजी नवीन सिम घ्यायला आलेल्या, पोराने त्यांचा अंगठा मशीनवर घेतला, मग म्हणतो 'आज्जी उमटला नाही, परत ठेवा'. मी मागनं विचारलं की पहिल्यांदा तर हिरवा लाईट लागला की रे, तर पोरगं गप्प. दुसऱ्या अंगठ्यावर दुसरं सिम निघतं आणि ते कुठं जातं ते आजींना जन्मात कळत नाही. हॅकर म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर अंधाऱ्या खोलीतला टोपीवाला येतो, पण या धंद्यातलं सगळ्यात कच्चं दार हे काउंटरच आहे, असं माझं मत झालंय.

तुमच्या बाबतीत शनिवार आणि रविवार हे मुद्दामच धरलेलं दिसतंय. सिम बदललं की त्या नंबरवर २४ तास एसएमएस येणं-जाणं बंद ठेवायचं असा सरकारचा नियम २०२२ पासून आहे. म्हणजे चोराला तुमचा नंबर मिळाला तरी ओटीपीसाठी एक दिवस थांबावं लागतं, आणि तोच एक दिवस तुमच्या हातात असतो. तुम्ही तो टॉवरला देऊन टाकलात. यात तुम्हाला बोल लावत नाही हो, २०१९ च्या महापुरात आपण सगळ्यांनीच बिनरेंजचे दिवस काढलेत, आपल्याकडं रेंज गेली की माणूस चार्जरला लावून झोपतो. पण इथनं पुढं रेंज गेली की आधी शेजारच्याचा त्याच कंपनीचा फोन बघायचा. त्याला कांड्या फुल्ल आणि तुमच्यात 'नो सर्व्हिस', फोन बंद-चालू करूनही तेच, तर सोमवारची वाट बघायची नाही, दुसऱ्याच्या फोनवरनं कंपनीच्या कस्टमर केअरला आणि बँकेला लगेच सांगायचं. आणि पैसे गेलेच तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन, तोही ताबडतोब, कारण पैसे पुढच्या पुढच्या खात्यात पळत असतात आणि वाटेत अडवता आले तरच मिळतात. तुम्ही अजून तक्रार केली नसेल तर हे वाचून झाल्या झाल्या करा, आणि सिम कुणी, कुठल्या कागदावर दिलं हे कंपनीला लेखी विचारा.

एक गोष्ट मात्र तपासा. नुसत्या सिमवर एवढं होत नाही, बँकेच्या कार्डाचा नंबर किंवा नेटबँकिंगचा पासवर्ड चोरांकडं आधीच असणार. मागच्या महिन्या-दोन महिन्यांत 'केवायसी अपडेट करा'ची एखादी लिंक भरली होती का, आठवून बघा.

प्रश्न : कुरिअरवाल्याचा फोन आला, पत्ता सापडेना म्हणला, *४०१* आणि पुढं त्याचा नंबर असं डायल करायला लावलं. मी केलं. आता मला कुणाचे फोनच येत नाहीत आणि माझ्या व्हॉट्सॲपवरनं सगळ्यांना पैसे मागणं चाललंय. – एक ताई, कराड

उत्तर : ताई, तुम्ही तुमचे सगळे कॉल त्याच्याकडं वळवून दिलेत. व्हॉट्सॲपचा कोड एसएमएसने नाही आला तर फोन करून सांगतात, तो फोन त्याच्याकडं गेला. आधी ##००२# डायल करा, सगळं फॉरवर्डिंग निघतं, *#२१# ने खात्री करा, मग व्हॉट्सॲप तुमच्या फोनवर परत रजिस्टर करा आणि टू-स्टेप पिन लावा. सरकारने कंपन्यांना एप्रिल २०२४ पासून असं कोड दाबून फॉरवर्ड करणं बंद करायला सांगितलं होतं, तरी तुमच्यासारखे मेसेज येतातच. आणि नातेवाइकांना आधी सांगा, नाहीतर कुणीतरी काकी 'पोरगी अडचणीत आहे' म्हणून पाठवतीलच.

प्रश्न : मी सांगलीत इंजिनिअरिंगला आहे. सगळे आपल्यालाच सांगतात लिंक दाबू नका, ओटीपी देऊ नका. पण कंपनीच हॅक झाली तर?

उत्तर : भावा, बरोबर नस पकडलीस. दक्षिण कोरियात एप्रिल २०२५ मध्ये तेच झालं, तिथल्या एसके टेलिकॉम या मोबाईल कंपनीच्या सर्व्हरमध्ये मालवेअर, म्हणजे चोरटं सॉफ्टवेअर, काही वर्षं गुपचूप बसलेलं निघालं आणि वर सांगितली ती सिमची गुप्त किल्ली, तीच बाहेर गेली. सव्वादोन कोटींच्या वर ग्राहक, सगळ्यांना सिम फुकट बदलून देतो म्हणाले, दुकानांपुढं रांगा आणि सिमच संपले. अमेरिकेत २०२४ मध्ये सॉल्ट टायफून नावाची टोळी, तिचं नातं चीनशी आहे असं अमेरिकेचं सरकार म्हणतं, मोठमोठ्या कंपन्यांत घुसली आणि पोलिसांना कोर्टाच्या हुकमाने फोन ऐकता यावेत म्हणून जी सोय ठेवलेली असते तिथपर्यंत पोचली. पोलिसांसाठी ठेवलेलं दार चोराला पण उघडतं, त्यात नवल काय. आपल्याकडं २०२४ मध्ये बीएसएनएलच्या एका एफटीपी सर्व्हरवरच्या (फायलींची देवघेव करायच्या मशीनवरच्या) डेटाबद्दल संसदेत उत्तर द्यावं लागलं, ग्राहकांच्या मुख्य डेटाबेसला धक्का नाही असं सांगितलं गेलं.

आणि एसएस७ बद्दल वाच. एसएस७ म्हणजे फोन कंपन्या एकमेकींशी ज्या भाषेत बोलतात ती, १९७०-८० च्या काळातली, तेव्हा मोजक्या सरकारी कंपन्या होत्या, सगळा विश्वासावर कारभार. पुढं जगभरात शेकड्यांनी कंपन्या झाल्या, तरी 'तुमचा ग्राहक माझ्याकडं रोमिंगला आलाय' असं कुणी म्हटलं की सरळ खरं मानायचे आणि त्या ग्राहकाचे एसएमएस तिकडं वळवायचे. २०१४ मध्ये जर्मनीत संशोधकांनी स्टेजवर दाखवून दिलं, २०१७ मध्ये तिथंच याच वाटेने ओटीपी पळवून लोकांची खाती रिकामी केली. ओटीपी असा पळवला जाण्यात ग्राहकाची चूक शून्य. म्हणून जिथं सोय असेल तिथं एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (फोनमध्येच कोड तयार करणारं) वापर, बँका काही ऐकत नाहीत पण ईमेलला तरी लाव.

प्रश्न : आमच्या माळावर फाईव्ह-जीचा टॉवर उभा करणार म्हणून फोन आला, महिना ४० हजार भाडं, आधी १८ हजार 'सरकारी टॅक्स' भरायचाय. भरू का? – एक शेतकरी, जत

उत्तर : नका भरू. टॉवरवाली कंपनी जागेच्या मालकाला भाडं देते, त्याच्याकडनं घेत नाही. ट्राय, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिच्या शिक्क्याचं पत्र दाखवतील, ट्राय असली पत्रं देतच नाही. तो नंबर सरकारच्या संचार साथी वेबसाईटवर 'चक्षू' या तक्रारीच्या सोयीत टाका, तिथंच तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत तेपण दिसतं, ते एकदा मोजा.