नायगाराच्या नाण्यावरचा 'कागद' काढू नका

ताई, तुमचा प्रश्न वाचून आधी हाच निरोप: सराफांना म्हणावं, थांबा. टोरांटोच्या मामांनी दिलेलं नाणं, एका बाजूला नायगारा, हलवलं की धबधब्यावर इंद्रधनुष्य सरकतं, आणि सराफ म्हणतात वरचा कागद काढून उजळून देतो. काढू देऊ नका.

तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून हे रॉयल कॅनेडियन मिंट या कॅनडाच्या टांकसाळीचं २००३ सालचं २० डॉलरचं नाणं आहे. निसर्गातल्या आश्चर्यांची मालिका होती ती. त्यात २००४ साली हिमनगांचं आणि उत्तर ध्रुवीय प्रकाशाचंही होलोग्रामवालं, म्हणजे हलवलं की रंग बदलणाऱ्या चित्राचं, नाणं आलं.

तुमच्या सराफांना कागद वाटतोय तो हा होलोग्रामच, आणि त्यात रंग भरलेलाच नाही. पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेघा असतात आणि उजेड त्यांच्यावरून परतताना फुटून रंग दिसतात. सीडीची पाठ आठवा, तिथेही हाच खेळ. पटत नसेल तर खोलीतले बाकीचे दिवे बंद करून एकाच बल्बखाली नाणं डबीसकट तिरकं करा. हिरवा होता तिथे तांबडा येईल, आणखी कललं की नुसती चांदी. छापील स्टिकर असता तर निळा कसाही धरला तरी निळाच राहिला असता.

म्हणूनच घासायचं नाही. रेघा झिजल्या की रंग गेला, आणि तो कोणताही कारागीर परत आणू शकत नाही. मी हे पैसे मोजून शिकलोय. माझ्याकडे होलोग्रामचं मेपल लीफ, म्हणजे कॅनडाचंच मेपलच्या पानाचं चांदीचं नाणं होतं. धनत्रयोदशीला आईने हौसेने पूजेत मांडलं, पंचामृताने न्हाऊ घातलं आणि मग चिंच लावून रांगोळीने लख्ख घासलं! चांदी अशी चमकत होती की काय सांगू. पान मात्र ढगाळलेलं, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखं. आईला अजून सांगितलेलं नाही.

आता खरंखोटं. नाण्याचं वजन ३१.३९ ग्रॅम असायला हवं, म्हणजे सराफी हिशेबाने तीन तोळ्यांच्या थोडं वर. डबी उघडावी लागली तर खाली मऊ फडकं अंथरा आणि नाणं फक्त कडेला धरा. अंगठा चित्रावर टेकला तर घामाचा ठसा काही महिन्यांनी काळा उमटतो. लोहचुंबक जवळ नेऊन बघा, ओढ लागता कामा नये. कसोटीच्या दगडावर मात्र घासू देऊ नका. क्ष-किरणांच्या यंत्रावर तपासणारे सराफ आता बरेच आहेत.

किमतीबद्दल. चांदी ९९.९९ टक्के शुद्ध आहे. आपल्याकडची स्मारक नाणी वर्षानुवर्षं ३५ ग्रॅमची यायची, पण त्यांत चांदी निम्मीच, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. तुमचं नाणं वजनाला हलकं असूनही त्यात चांदी पावणेदोन पटीहून जास्त आहे. तेव्हा त्या दिवशीचा चांदीचा ग्रॅमचा भाव गुणिले ३१ हा तळ धरा. त्यावर संग्राहक जे देतो ते चित्राचं, मूळ डबीचं आणि प्रमाणपत्राचं. पेढीवर मोडीत दिलंत तर हे वरचं सगळं शून्य, शिवाय घट कापतील ती वेगळी. मामांकडे खोका आणि कागद राहिले असतील तर आजच फोन करा, माळा आवरताना पहिले तेच फेकले जातात.

ठेवायचं कसं, तर मूळ डबीतच. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात नको, त्यातून पुढे हिरवट चिकटा सुटतो. रबरबँड आणि लोकरीचं कापडही लांब, त्यांतल्या गंधकाने चांदी काळवंडते. कपाटात सिलिका जेलची पुडी टाका, पावसाळ्याआधी बदला. कडेला थोडा पिवळेपणा आलाच तर येऊ दे.

दोन्ही बाजूंचे फोटो टाका, डबीतूनच काढलेले. धबधब्यावर ओरखडे आहेत का तेवढं पाहून सांगतो.